शाहिराला ‘लोकगायक’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’वरचा लेख वाचला. या माहितीपटाची आठवण काढलीत, त्याबद्दल आभार. पण लेखात विलास घोगरे यांना चार वेळा ‘लोकगायक’ म्हटलं आहे, शाहीर एकदाही नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरमधल्या गोळीबाराला तर ‘चकमक’! चकमकीला दोन बाजू लागतात. 11 जुलै 1997 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली पाहून लोक रस्त्यावर उतरले आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी 10 माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची सबब नंतर पुढे आली. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने फौजदाराला जन्मठेप सुनावली, तीही लेखात नाही. गोळीबारानंतर काही दिवसांतच घोगरेंनी जीव दिला, त्याला तुमचे लेखक ‘वैयक्तिक नैराश्य’ म्हणतात. डाव्या चळवळीत आयुष्य काढलेला माणूस जाताना डोक्याला निळं कापड बांधून गेला. ते कापड काय सांगतं, हे शोधायला पटवर्धनांनी 14 वर्षं घातली.

शब्दांवरून एवढा राग का, ते सांगते. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, भीमगीतं गाणाऱ्या गायनपार्टीत होते. दिवसा गोदीत काम, रात्री पेटी. 14 एप्रिलच्या आठवड्यात ते घरी झोपायलाही येत नसत, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत कार्यक्रम. गाणी स्वतः लिहायचे आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे, लोककवी वामनदादा कर्डक गुंफत तसं. 1998 साली माहितीपट करणारे म्हणून दोघे घरी आले. दोन दिवस अण्णांना गायला लावलं, जाताना गाण्यांच्या दोन वह्या आणि तीन कॅसेट घेऊन गेले. ‘झेरॉक्स काढून आठवड्यात परत करतो’ म्हणाले. माहितीपट निघाला की नाही, आम्हाला कळलं नाही. वह्या आल्या नाहीत. अण्णा 2006 मध्ये गेले, तोवर दर दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर शोधायचे, जणू त्या घरातच कुठेतरी राहिल्या आहेत.

मग एका जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचंच गाणं कानावर आलं. शेवटचं कडवं गायब. विचारलं तर डीजेवाला मुलगा म्हणाला, ‘मावशी, पारंपरिक आहे.’ त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘लोकगायक’ छापलं की असंच होतं. गाणं लोकांचं ठरतं आणि ते रचणाऱ्याचं नाव गळून पडतं. घोगरे स्वतः रचत होते. 1985 च्या पटवर्धनांच्याच झोपडपट्टीवरच्या माहितीपटातही त्यांचं गाणं आहे. तुमच्या अख्ख्या लेखात त्यांच्या गाण्याची एक ओळ नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीची बातमी दर वर्षी दादरच्या वाहतूककोंडीपासूनच का सुरू होते? तिथे रात्रभर जी गाणी होतात, ती ऐकायला एकदा तरी वार्ताहर पाठवा.

लेखातली ‘चकमक’ दुरुस्त करून छापावी, ही विनंती. शिवाय अण्णांच्या वह्या कोणा वाचकाकडे असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयात आणून द्याव्यात. दोन्हींना लाल कापडी बांधणी आहे. पहिल्या पानावर कोरसवाल्या सहा जणांची नावं आहेत आणि खाली अण्णांची सही.

आपली,
एका शाहिराची मुलगी, विक्रोळी