इम्प्लांट किडत नाही, पण हाड झिजते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रूसारखे इम्प्लांट एकदा बसवले की आयुष्यभराची निश्चिंती, असा समज रूढ झाला आहे. टायटॅनियमच्या स्क्रूला कीड लागत नाही हे खरे. पण त्याला धरून ठेवणारे हाड जिवंत असते आणि बहुतेकदा दगा देते ते तेच.

ड्रिलिंग करताना पाण्याची धार कमी पडली आणि हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सियसपर्यंत तापले, तरी त्याच्या पेशींना इजा होते. सुरुवातीला स्क्रू फक्त आट्यांच्या पकडीवर उभा असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही पकड सैलावते, नवे हाड अजून पुरते भरलेले नसते आणि नेमके तेव्हाच ‘आता दुखत नाही’ म्हणून त्या बाजूने चावणे सुरू होते. स्क्रू ०.१५ मिलिमीटरहून जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. मग तो कधीच पक्का होत नाही.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचा जुना आजार हे धोके बहुतेकांना ठाऊक असतात. सांगायचे राहते ते हाडांच्या ठिसूळपणावरचे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन. ते वर्षातून एकदाच घेतात, त्यामुळे रोजच्या औषधांच्या यादीत येत नाही. रात्री दात खाण्याची सवयही अशीच लपून राहते. नैसर्गिक दाताभोवती दाब जाणवून देणारा अस्थिबंध असतो, इम्प्लांटभोवती तो नसतो. जास्तीचा भार कळतच नाही.

पुढे वर्षानुवर्षांनी होणारा बिघाड बहुधा मुकाट्याने होतो. इम्प्लांटवरची दातासारखी कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण किंवा साठलेला थर तिथे सूज धरून ठेवतो आणि हाड खाली सरकत जाते. ब्रश करताना रक्त येणे, हिरडी दाबल्यावर पू दिसणे एवढीच खूण. वेदना नसल्याने रुग्ण येतो तो हाड बरेच गेल्यावर. कॅप हलू लागली तर मात्र लगेच धीर सोडू नये. अनेकदा कॅप इम्प्लांटला जोडणारा आतला छोटा स्क्रू ढिला झालेला असतो, तो घट्ट करता येतो. इम्प्लांटच हलत असेल तर ते काढावेच लागते.

म्हणून प्रत्येक रुग्णाला कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी लिहिलेले कार्ड मिळालेच पाहिजे. पुढची हाडाची झीज त्या एक्स-रेशी ताडूनच कळते. शिवाय कंपनीगणिक स्क्रूचे ड्रायव्हर वेगळे असतात. नाव माहीत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला साधा ढिला स्क्रू आवळणेही अवघड जाते.

– एक दंतवैद्य