आमदारांनी आम्हाला 'नाही' म्हणावे

महोदय,

लोकप्रतिनिधीने मतदारांच्या इच्छेप्रमाणे वागावे की स्वतःच्या विवेकाने, हा प्रश्न आमच्या धानपट्ट्यात मामा तलावाच्या (म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातील सिंचन तलावाच्या) पाळीवर उभे राहिले की पुस्तकी उरत नाही. काही वर्षांपूर्वी आमदार निधीतून काय मागावे, यावर आमच्या ग्रामसभेत चर्चा झाली, तेव्हा तलावाच्या खचलेल्या पाळीचा विषय बाजूला सारून सभामंडपासाठी हात वर झाले आणि त्यांत (कबूल केलेच पाहिजे) माझाही होता. आमदारांनी गावाचा शब्द राखला. मंडपावर त्यांचे नाव आजही ठळक दिसते, मात्र त्याच हंगामात तलावात पाणी न टिकल्याने निसवलेले धान शेवटच्या पाण्यावाचून उभ्याने वाळले.

प्रतिनिधीने मतदारांसाठी केवळ राबायचे नसते, आपला विवेकही वापरायचा असतो, असे ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी १७७४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते. १७८० मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली, हेही खरे. आपल्याकडे तर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आल्यापासून पक्षादेश (व्हिप) मोडणाऱ्या लोकप्रतिनिधीचे सदस्यत्वच धोक्यात येते, त्यामुळे सभागृहात मतदारांची इच्छाही चालत नाही आणि त्याचा विवेकही. स्थानिक निधीला तसा पक्षादेश नसतो. तेथे तरी आमदारांनी ग्रामसभेत येऊन, आमचे चुकत असल्यास ते कारणांसह तोंडावर सांगावे आणि मगच निधीच्या पत्रावर सही करावी.

– एक धान उत्पादक शेतकरी, जि. भंडारा