खो-खोचा कर्णधार नाणेफेकीच्या वेळी ठरवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवरात्र आटोपली की बडोद्यातली मैदाने गरब्यातून मोकळी होतात आणि दांडिया बाजार, बाबाजीपुरा, नवापुरा भागातले खो-खोचे संघ संध्याकाळच्या सरावाला उतरतात. गणवेश शिवून होतात, प्रवेश फी भरली जाते. राहतो तो कर्णधार. पंचांनी नाणेफेकीला हाक मारली की तो ठरतो, आणि बहुधा सर्वांत चपळ किंवा वयाने सर्वांत मोठ्या मुलाला पुढे ढकलले जाते. ज्या शहरातल्या हिंद विजय जिमखान्याने 1924 साली खो-खोची नियमावली छापली, तिथे तरी हे थांबावे, म्हणून हे पत्र.

चपळ मुलगा कर्णधार म्हणून वाईटच असतो असे नाही. पण पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी आत उतरतात, त्यात त्याला सगळे पहिल्या तुकडीत घालतात, आणि अडचण तिथे सुरू होते. पळणाऱ्यांचा क्रम पाळीआधी गुणलेखकाकडे द्यावा लागतो. नंतर तो बदलता येत नाही. पहिले तिघे आत असताना बाहेरच्या सहा जणांना कुणीतरी सांगायला हवे की समोरचा कोणता गडी खांबावर सूर मारतो, कोण हुलकावणी देऊन मग खो देतो, कुणाचा उठताना पाय रेंगाळतो. कर्णधार स्वतःच जीव तोडून पळत असेल तर हे पाहणार कोण? बाद होऊन बाहेर आल्यावरही तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत असतो. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून कर्णधाराची जागा दुसऱ्या तुकडीत. तिसऱ्या तुकडीत पाहायला वेळ भरपूर मिळतो, पण आधीच्या दोन्ही तुकड्या टिकल्या तर तो त्या पाळीत पळायला उतरतच नाही.

क्रम लावण्यातही हमखास चूक होते. तिन्ही तेज मुले पहिल्या तुकडीत जातात, साडेचार मिनिटे काढतात, टाळ्या पडतात. उरलेले सहा जण तीन मिनिटांत गारद होतात. नऊही बाद झाले की त्याच क्रमाने पहिली तुकडी परत आत येते, आणि ती दमलेली असते. पाळीच्या नऊ मिनिटांतले शेवटचे दीड मिनिट सर्वांत महाग पडते ते यामुळे. प्रत्येक तुकडीत एक साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी) पळणारा, एक खांबाजवळ खेळणारा आणि एक नवखा असे वाटून दिले तर हा खड्डा पडत नाही. आपल्या मित्राला खालच्या तुकडीत घालताना जो कचरतो, त्याच्या हातून असा क्रम लिहून होत नाही.

आक्रमणात तर कर्णधाराचे काम दुप्पट. दोन खांबांमधल्या रांगेतल्या चौकोनांत आठ जण एकाआड एक उलट तोंडे करून बसतात. खांबांजवळच्या चौकोनांत सूर मारणारे हवेत, मधल्या चौकोनांत खो मिळताच उसळून उठणारे. कर्णधार चौथ्या किंवा पाचव्या चौकोनात असला की दोन्ही खांब साधारण 12 मीटरवर येतात आणि त्याचा आवाज दोन्हीकडे पोहोचतो. आपल्या संघांतली कितीतरी मुले घरी गुजराती बोलतात. ‘उजवीकडे’ ऐकून मनात ‘जमणी’ करेपर्यंत गडी निसटतो. त्यापेक्षा खांबांनाच नावे द्यावीत: एकामागे झाड असेल तर ‘झाड’, दुसऱ्यामागे फाटक असेल तर ‘फाटक’. तुकडीतला तिसरा गडी ज्याने बाद केला, त्याने नव्या तुकडीच्या मागे लागायचे नसते, खो द्यायचा असतो. उत्साहाच्या भरात पोरगा चार पावले पुढे जातो, शिटी वाजते, तेवढ्यात नवे तिघे साखळी धरून स्थिरावतात. तो खो कुणाला द्यायचा हे पाळीआधीच ठरलेले हवे. नाणेफेक जिंकल्यावर आक्रमण की पळती, आघाडी मोठी असल्यास फॉलोऑन द्यायचा का (समोरच्यांना लगेच पुन्हा आक्रमण करायला लावायचे का), वेळेआधी आक्रमण थांबवायचे का, हे निर्णयही त्याचेच.

मग निवडायचा कसा? स्पर्धेच्या निदान चार आठवडे आधी तीन उमेदवार घ्या आणि तीन सराव सामने पूर्ण वेळेचे लावा, प्रत्येकात वेगळा कर्णधार. क्रमाचा कागद त्याने स्वतः लिहावा, प्रशिक्षकाने हात लावू नये. बाहेर एकाने घड्याळ आणि वही घेऊन बसावे: कोणती तुकडी किती टिकली, आक्रमणात किती चुका झाल्या, पंचांशी वाद किती वेळा झाला. वही सर्वांना दाखवून बाराही खेळाडूंनी चिठ्ठीवर दोन नावे लिहावीत, पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसऱ्या पसंतीला एक. स्वतःचे नाव लिहायचे नाही. गुण समान झाले तर ज्याच्या सामन्यात आक्रमणातल्या चुका कमी, तो कर्णधार. मतदान हात वर करून घेऊ नये. अध्यक्ष समोर बसलेले असताना खालच्या इयत्तेतला मुलगा मोठ्यांकडे बघूनच हात उचलतो. देणगीदार आणि पदाधिकारी यांना मत नसावे. मुलींच्या संघाचा कर्णधार मंडळातले पुरुष ठरवून मोकळे होतात, ते तर ताबडतोब बंद व्हायला हवे. तिथे चिठ्ठ्या मुलींच्याच. चौदा वर्षांखालच्या संघांत मात्र मतदान नको, ते नुसते मैत्रीवर जाते. दर सामन्याला कर्णधार बदलावा.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या विश्वचषकात प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. त्या सात जणांच्या वेगवान प्रकारात आक्रमणातला वजीर, म्हणजे खास नेमलेला गडी, कोणत्याही दिशेने धावू शकतो, त्यामुळे वजीर तोच कर्णधार अशी समजूत मुलांत पसरते आहे. वजिराला सगळे लक्ष एका गड्यावर ठेवावे लागते. त्याच्यावर दुसरे ओझे टाकू नये.

उपकर्णधार त्याच चिठ्ठ्यांतून दुसरा आलेला घ्यावा, पण पळतीत त्याची तुकडी वेगळी ठेवावी. दोघे एकाच तुकडीत आत गेले तर बाहेर बसलेल्यांना विचारायला कुणीच उरत नाही.

आपले,
खो-खोचे काही पंच व प्रशिक्षक,
दांडिया बाजार, बडोदे