अडकलेल्या जहाजावरच्या माणसांचे काय?

महोदय,

इजिप्तच्या अदाबिया बंदरात जुलै २०१७ मध्ये ‘एमव्ही अमन’ हे मालवाहू जहाज अडकवले गेले. सुरक्षा उपकरणांच्या दाखल्यांची मुदत संपली होती, इंधनाचे बिल थकले होते. कप्तान किनाऱ्यावर असल्याने न्यायालयाने सीरियन चीफ ऑफिसरलाच (कप्तानाखालच्या अधिकाऱ्याला) जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवले. पासपोर्ट गेला. बाकीचे खलाशी हळूहळू घरी परतले, हा एकटाच उरला. डिझेल संपले, वीज गेली. पुढे वादळात जहाज किनाऱ्याजवळ सरकले, तेव्हा तो पोहत जाऊन मोबाइल चार्ज करायचा, खाण्याचे सामान आणायचा. सुटका झाली ती थेट एप्रिल २०२१ मध्ये. देणे मालकाचे, कैद नोकरदाराला!

माझे यजमान जहाजावर नोकरीला आहेत, त्यामुळे हे वाचून झोप उडते. आपल्याकडेही उच्च न्यायालयाने जहाज अटकेचा हुकूम दिला की तारण भरेपर्यंत किंवा निकाल लागेपर्यंत ते बंदर सोडू शकत नाही. २०१७ च्या नौकाधिकरण (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्यात खलाशांच्या पगाराला अग्रक्रम आहे, हे चांगलेच. पण मालकाने हात वर केले तर तो पगार जहाजाच्या लिलावानंतर मिळणार. तोवर प्यायचे पाणी, जेवण, जनरेटरचे डिझेल कोणी द्यायचे? अटकेच्या हुकमासोबतच जहाज अडकवायला लावणाऱ्या दावेदाराकडून हा खर्च न्यायालयात भरून घ्यावा आणि खलाशांना घरी पाठवण्याची तारीखही त्याच हुकमात असावी.

– एका खलाशाची पत्नी, रत्नागिरी