एचआयव्ही चाचणी: घाईचा अहवाल फसवा

महोदय,

एचआयव्हीच्या संभाव्य संपर्कानंतर दोन-तीन दिवसांतच रक्त तपासून घ्यायचे आणि ‘निगेटिव्ह’ अहवाल हाती पडताच निर्धास्त व्हायचे, हा प्रकार सुशिक्षितांमध्येही आढळतो. इतक्या लवकर केलेली चाचणी त्या संपर्काविषयी काहीच सांगू शकत नाही, कारण विषाणूच्या खुणा रक्तात ओळखण्याजोग्या प्रमाणात येण्यास वेळ लागतो. शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत होणाऱ्या, प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंड (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) दोन्ही शोधणाऱ्या चाचणीत संसर्ग दिसून येण्यास संपर्कानंतर साधारण १८ ते ४५ दिवस लागतात, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीसाठी ९० दिवसांपर्यंत थांबावे लागते. उलट बाजूने, पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून निदान पक्के होत नाही; पुढील चाचण्यांनी त्याची खातरजमा करावीच लागते.

घाई करायचीच तर ती औषधासाठी करावी. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळ्या उपलब्ध आहेत. त्या घेतल्यास चाचणीचे वेळापत्रक बदलते, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

गोव्यासारख्या लहान राज्यात रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही धास्ती खोटी नाही. मात्र सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी मोफत होते, २०१७च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि १०९७ ही हेल्पलाइनही आहे. आपल्या आरोग्य केंद्रांच्या फलकांवर निदान ७२ तासांची ही मुदत मराठी-कोंकणीतून ठळकपणे लिहावी, ही विनंती.

– एक वाचक, म्हापसा