अस्वलाचा स्पर्श झाला होता काय? : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी मुलगी लिहून घेते आहे, कारण माझे उजवे मनगट गेले अठरा दिवस प्लास्टरमध्ये आहे. राज्यातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, रीतसर पावती घेऊन मिळवलेल्या तंबूत, आम्ही पती-पत्नी 14 मार्चला मुक्कामी होतो. उद्यानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की कारवाई होते ती रोजंदारीवरच्या एखाद्या वनमजुरावर.

गेल्या हंगामातही आम्ही तेथेच राहिलो होतो. स्वयंपाकघरामागे खरकट्याचा उघडा खड्डा असून तो तंबूंपासून जेमतेम तीस पावलांवर आहे, असे मी तेव्हा लेखी कळवले होते, आणि पंधरा दिवसांत झाकणाची पिंपे ठेवून ओला कचरा रोज बाहेर नेला जाईल, असे सहीशिक्क्याचे उत्तरही मला आले होते. ते उत्तर मी जपून ठेवले आहे. आपल्या खात्याने खड्डा जपून ठेवला आहे.

रात्री दीडच्या सुमारास खड्ड्याकडून आवाज येऊ लागला, पोकळ बांबूतून कुणी जोराने फुंकावे आणि लगेच ओढून घ्यावे तसा. मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. अस्वल वारुळातली वाळवी ओढून खाते तेव्हा असा आवाज होतो, हे मुलांना सांगत आलो होतो. येथे वारूळ नव्हते, आमच्याच जेवणातले उरलेले वरण होते. अस्वलाला दिसते कमी आणि वास लागतो लांबून. माणूस अवचित समोर आला की ते बिथरून अंगावर येते. म्हणून आम्ही श्वास रोखून आतच बसलो होतो, परंतु शेजारच्या तंबूतला दहा-बारा वर्षांचा मुलगा घाबरून बाहेर आला, अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले, आणि मुलाला आत ओढण्यासाठी धावताना तंबूच्या दोरीत पाय अडकून मी हातावर पडलो. आमच्या गाईडच्या टॉर्चमध्ये सेल नव्हते. पत्र्याचा डबा बडवत दोन वनमजूर धावून आले, तेव्हा ते जनावर निघून गेले.

रुग्णालयात सकाळी नऊपर्यंत एक्स-रे काढणारे कुणी आले नव्हते, ते असो. त्रेसष्टाव्या वर्षी मला पायजम्याची नाडी बांधून घ्यावी लागते, आणि भाताचा घास डाव्या हाताने तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडतो. उपचाराच्या खर्चासाठी अर्ज केला, तर संबंधित कार्यालयाने एकच विचारले: "अस्वलाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला होता काय?" नाही म्हणालो. "सबब आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात येत आहे." म्हणजे फाईल बंद. पुढच्या वेळी अस्वलाकडून तसा दाखला घेऊनच येईन.

महोदय, माझी तक्रार अस्वलाविरुद्ध नाही. उष्ट्याला चटावलेले अस्वल उद्या गावात शिरेल, मग ते उपद्रवी ठरेल आणि त्याच्यासाठी पिंजरा लागेल. याच दिवसांत गावातल्या बाया पहाटे मोहफुले वेचायला जातात आणि मोहाखाली अस्वलही येतेच. माणसाची भीती मोडलेले जनावर त्यांच्या वाट्याला कुणी घातले, हे तेव्हा कुणी विचारणार नाही. एका तंबूचे 2,300 रुपये, तंबू आठ, हंगामाच्या शंभर रात्री धरल्या तरी अठरा लाखांवर रक्कम जाते. हिशेब माझा आहे, तंबू रोज भरतात की नाही हे मला ठाऊक नाही. चुकला असल्यास खात्याने दुरुस्त करावा. त्यातून चार झाकणाची पिंपे येत नाहीत?

येत नाहीत, कारण पायी फिरणारा माणूस खात्याच्या गणतीत नाही. सगळा कारभार सफारीच्या जिप्सीभोवती आणि 'वाघ दिसला का' या प्रश्नाभोवती फिरतो. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना पर्यटकांच्या गाड्यांनी कोंडले, तेव्हा उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आम्ही मात्र पायवाटेवरून दोन पावले बाजूला गेलो की दंडाची भाषा ऐकतो. खात्याची पायी चालणारी माणसे तरी कुठे सुरक्षित आहेत? 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आमच्यासाठी धावलेल्या दोघांच्या हातात डब्याशिवाय काही नव्हते, आणि त्यांतल्या एकाची मजुरी तीन महिने थकली आहे, असे तो स्वतः म्हणाला. ठेकेदाराचे बिल मात्र थकत नसावे.

मागणे फार नाही. तो खड्डा बुजवावा, ओला कचरा रोज संध्याकाळी बाहेर न्यावा, मुक्कामाच्या जागी रात्री चालू टॉर्च असलेला माणूस असावा आणि त्या वनमजुरांची मजुरी द्यावी. माझ्या उपचाराचे पैसे दिले नाहीत तरी चालेल. 'नस्तीबद्ध' हा शब्द मागे घ्यावा.

परवा त्याच तंबूंत राहून आलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला मी फोन केला होता. खड्डा उघडाच आहे. त्याभोवती चुना मात्र टाकला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(सही मुलीने केली आहे)