ॲप्रन प्रयोगशाळेतच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत एका वड्याच्या गाडीवर दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. अंगात पांढरे ॲप्रन, एकीच्या बाहीवर सॅफ्रॅनिन या रंगाचा गुलाबी डाग, काखेत जर्नल. मी जवळ जाऊन विचारलं, "प्रॅक्टिकलवरून थेट आलात का गं?" "हो काकू, मायक्रोचं होतं. आज विशेष काही नव्हतं, नुसतं ग्रॅम स्टेनिंग." म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. ॲप्रन काढून ठेवा म्हटल्यावर दोघींनी लगेच काढले, गुणी पोरी. पण पिशवी एकच होती आणि त्याच पिशवीत जेवणाचा डबा होता. घरी येईपर्यंत तो डबा डोळ्यांसमोरून हलला नाही, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मीडिया म्हणजे जंतूंचं खाद्य करायचं, ते झाकणाच्या चपट्या ताटल्यांत, म्हणजे प्लेटांत, ओतायचं, कल्चर म्हणजे वाढवलेले जंतू जपायचे आणि बॅच गेली की सगळं निर्जंतुक करून धुवायचं, हे माझं काम. आपल्या भागात दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत, पॅथॉलॉजी लॅब गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे या विषयाकडे मुलं हौसेने येतात. शिकवणारेही मनापासून शिकवतात. तरीही प्रयोगशाळेच्या दारातून मुलांबरोबर बाहेर काय जातं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

"आम्ही कुठे टीबीचे जंतू हाताळतो?" असं मुलं म्हणतात, कधीकधी पालकही म्हणतात. पण पंचगंगेच्या घाटावरून किंवा जयंती नाल्यातून भरून आणलेल्या बाटलीत काय आहे हे आधी कुणालाच माहीत नसतं, ते शोधायलाच तर प्रयोग असतो. पाण्यात जे थोडेथोडके असतात त्यांना आपण खाऊपिऊ घालतो, ३७ अंशांच्या उबेत रात्रभर ठेवतो आणि सकाळी त्यांचे कोट्यवधी झालेले असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या एका ठिपक्यात कोटीच्या घरात जिवाणू मावतात. नदीत बोट बुडवणं वेगळं आणि त्या प्लेटवर बोट टेकवणं वेगळं.

अमेरिकेत २०११ साली साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जिवाणूची एक साथ तिथल्या आरोग्य खात्याने शोधून काढली. ३८ राज्यांत १०९ जण आजारी पडले, एक जण दगावला. माग काढत गेल्यावर धागा पोहोचला तो रुग्णालयांच्या आणि महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत. आजारी पडलेल्यांत विद्यार्थी होते, कर्मचारी होते आणि ज्यांनी प्रयोगशाळेचा उंबराही ओलांडला नव्हता अशी त्यांच्या घरातली लहान मुलंही होती. पेन, वही, मोबाइल अशा वस्तूंवरून जंतू घरी जाऊ शकतात, हे तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी बजावून सांगितलं. २०१४ मध्ये आणि २०१७ मध्ये तसंच पुन्हा घडलं. आपल्याकडे असं काही झालं तर ते कळणार तरी कसं? पोराला जुलाब झाले की आपण म्हणतो बाहेरचं खाल्लं असेल, आणि मेडिकलमधून गोळी आणतो.

रॉबर्ट पाइक या संशोधकाने १९७६ साली प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गांची जंत्री मांडली होती, ३,९२१ प्रकरणांची. त्यातल्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्रकरणांत 'अमुक दिवशी हे सांडलं, ही सुई टोचली' असा अपघात दाखवता आला. बाकीच्यांना कधी लागण झाली ते कळलंच नाही. मला यात नवल वाटत नाही. कल्चरने भरलेली लूप, म्हणजे जंतू उचलायची तारेची कडी, घाईघाईने थेट ज्योतीत घातली की चर्र आवाज होतो. तो आवाज म्हणजे न जळलेले थेंब उडाल्याची खूण. ते टेबलावर पडतात, बाहीवर पडतात, शेजारी उघड्या ठेवलेल्या जर्नलवर पडतात, आणि डोळ्यांना काहीही दिसत नाही. म्हणून लूप दांड्याच्या बाजूने तापवत हळूहळू टोकाकडे न्यायची. हे पहिल्या दिवशी सांगितलं जातं आणि तिसऱ्या आठवड्यात विसरलं जातं.

माझं स्वतःचं सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी परीक्षा नळ्या धूत होते. एक नळी तडकलेली होती, ती उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसली. निर्जंतुक करून काढलेला ट्रे आणि करायचा राहिलेला ट्रे एकाच कट्ट्यावर शेजारीशेजारी असायचे, चिठ्ठी नाही, खूण नाही. मी धूत होते तो राहिलेला ट्रे होता. तिसऱ्या दिवशी बोट टम्म फुगलं, पू काढावा लागला, पुढे तीन आठवडे पट्टी होती. तेव्हा धाकटा तान्हा होता आणि त्याला मी त्याच हाताने भरवत होते. त्यानंतर न केलेल्या प्रत्येक ट्रेला मी लाल चिंधी बांधायला लागले. ती पद्धत माझ्या निवृत्तीपर्यंत टिकली, पण ती एका चिंधीवर टिकली होती, कुठल्या नियमावर नाही.

ऑटोक्लेव्हबद्दल, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या कुकरसारख्या भांड्याबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे आणि तोच सगळ्यांत जास्त गृहीत धरला जातो. झाकणाचे नट समोरासमोरचे जोडीने आवळायचे. वाफेची चावी उघडी ठेवून आतली हवा पूर्ण जाऊ द्यायची. आधी वाफ फसफसत, तुटक येते, मग सरळ, सलग झोत येतो. तो आला की चावी बंद. हवा आत राहिली तर काट्यावर १५ पौंड दाब दिसेल, पण तापमान १२१ अंशांना पोहोचणारच नाही. हवा अजिबात काढली नाही तर ते शंभराच्या आसपासच घुटमळतं. काटा बघून आपण समाधानी आणि आत जंतू जिवंत! मीडियाला १५ मिनिटं पुरतात, टाकाऊ प्लेटांनी भरलेल्या पिशवीला निदान अर्धा तास हवा, आणि पिशवीचं तोंड करकचून बांधलेलं नको, नाहीतर वाफ आत शिरणार कुठून? मध्येच लाइट गेली तर वेळ पहिल्यापासून मोजायची. काटा आपसूक शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. घाईत झाकण उघडून हात भाजलेला परिचर मी पाहिला आहे. सामानावर चिकटवलेली खुणेची पट्टी काळी झाली म्हणजे काम झालं असंही नाही, ती फक्त उष्णता लागल्याचं सांगते. जंतू खरोखर मेले का हे बघायचं तर जिवाणूंच्या उष्णतेला चिवट बीजाणूंची, म्हणजे त्यांच्या टणक सुप्त रूपांची, पट्टी आत ठेवून मग तिच्यातून जिवाणू वाढतात का ते पाहावं लागतं. ही तपासणी आपल्या महाविद्यालयांत किती नियमित होते, हे प्राचार्यांनी आपापल्या विभागात एकदा विचारून पाहावं.

रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला एकच लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची बारीक सुई, स्पिरिटने पुसून दुसऱ्याच्या बोटाला टोचलेली मी पाहिली आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. प्रत्येकाला नवी लॅन्सेट आणि वापरलेली लगेच टणक डब्यात, यात तडजोड नको. आणि या मुलांनी हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस घेतलेत का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारायला काय हरकत आहे?

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दवाखान्यांपुरते आहेत असा समज आहे. ते शैक्षणिक आणि संशोधन संस्थांनाही लागू आहेत, आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा जागेवरच निर्जंतुक करून मग बाहेर द्यायचा असं त्यात स्पष्ट आहे. पण हे करणार कोण? परिचर निवृत्त झाला की जागा तशीच राहते आणि त्याचं काम कमी पगाराच्या, दर वर्षी बदलणाऱ्या माणसावर येतं. त्याला कुणी शिकवत नाही. त्याच्या हातात मोजेसुद्धा नसतात.

माझं मागणं फार नाही. प्रयोगशाळेच्या दाराशी ॲप्रनसाठी खुंट्या लावा आणि ते तिथेच राहू द्या, आठवड्याला ऑटोक्लेव्ह करून मगच धुवायला द्या. टेबलावरचं पेन टेबलावरच राहू दे. मोबाइल आणि डबे खोलीबाहेरच्या कपाटात ठेवू द्या. बेसिनला पाणी आणि साबण रोज असू दे. हायपो, म्हणजे जंतू मारायचं ब्लीचसारखं द्रावण, रोज ताजं करा, कालचं आज भरवशाचं नसतं. पालकांनो, ॲप्रन घरी आलाच तर घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळा, गरम पाण्यात धुवा. आणि जर्नल जेवणाच्या ताटाशेजारी ठेवू देऊ नका.

माझ्या शेजारची एक मुलगी यंदा बीएस्सीला गेली आहे. तिने कॉलेजमध्ये ॲप्रन ठेवायची सोय विचारली तर जागा नाही असं उत्तर मिळालं. एका बॅचच्या वीस खुंट्यांना सहा-सात फूट भिंत पुरते, मी आमच्याकडे सुताराला उभं करून बसवून घेतल्या होत्या.

जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाने बोलावलं तर नव्या मुलांना आणि परिचरांना ऑटोक्लेव्ह कसा लावायचा हे दाखवायला मी येईन, मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर